उशीर नक्की कुणाला झाला?



आपल्या कार्यक्रमाला फोन करणाऱ्या बायांकडून एक वाक्य आम्ही सारखं ऐकतो. विषय शिवणकामाचा असो, संगणकाचा असो, नाहीतर स्कूटी शिकण्याचा असो. पलीकडून आवाज येतो, "ताई, चांगलं आहे हो, पण आता आमचं वय झालं." वय किती, असं विचारलं तर कुणी म्हणते ३५, कुणी ३२. एखादी तर २८ सांगते आणि वर लाजते.

म्हणून आज वयाचीच गोष्ट सांगायची ठरवली आहे. गोष्ट लांबची आहे, इंग्लंडची. आणि आहे फुटबॉलची. फुटबॉल म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका. कोल्हापूरकडच्या बायांना तर हा खेळ नवा नाहीच, तिथे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत. बाकीच्यांनी एवढंच ध्यानात ठेवायचं: दोन संघ, प्रत्येकात ११ खेळाडू. चेंडू पायाने मारायचा आणि समोरच्याच्या जाळीत घालायचा, की झाला गोल. हात लावायची मुभा संघातल्या एकीलाच, आणि तीही जाळीजवळच्या आखलेल्या जागेत. ती म्हणजे गोलकीपर. आपल्या जाळीत चेंडू जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम.

ती जाळीची चौकट केवढी असते? ८ फूट उंच आणि २४ फूट रुंद. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक उभ्या करा, साधारण तेवढी रुंदी झाली. एवढ्या जागेची राखण एकटीने करायची.

आता या कामाची गंमत बघा. गोलकीपरने दहा चेंडू अडवले तर लोक म्हणतात, त्यासाठीच तर उभी आहे. अकरावा सुटला की सगळं मैदान तिच्याकडे बघतं. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. वर्षभर भाकरी वेळेवर झाली तर घरात कुणी अवाक्षर काढत नाही. एक दिवस कालवण खारट झालं की शेजारच्या गल्लीपर्यंत कळतं.

या कामाची आणखी एक रीत आहे. संघात धावणाऱ्या, गोल करणाऱ्या मुली पुष्कळ असतात. एक दमली की दुसरी घालतात. गोलकीपरची जागा मात्र एकच. पहिली धडधाकट आहे आणि बरी खेळते आहे, तोवर दुसरीने बाकावर बसायचं. सासूच्या कमरेला किल्ली आहे तोवर सुनेने वाट बघायची, तसंच. कितीतरी गोलकीपरची उमेदीची वर्षं त्या बाकावर जातात.

आजची आपली बाई अशीच बाकावर बसलेली. तिचं नाव मेरी अर्प्स.

मेरीचा जन्म १९९३ सालचा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातला. लहानपणापासून ती गोलमध्ये उभी राहायची. कळत्या वयाची झाल्यावर ती एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरत राहिली. लेस्टर झालं, नॉटिंगहॅम झालं, डॉन्कास्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, रेडिंग झालं. गावांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही. आपल्याकडे एखादी हंगामी शिक्षिका दर जूनला नव्या शाळेवर जाते, तशी तिची वर्षं गेली.

बरं, नुसता फुटबॉल खेळून घर चालेल अशी तेव्हा परिस्थिती नव्हती. लीगमधल्या पुष्कळ मुली दिवसा नोकरी करायच्या, नाहीतर कॉलेजला जायच्या, आणि सराव संध्याकाळी. मेरीही एकीकडे खेळत लफबरो विद्यापीठात शिकत होती. माहिती व्यवस्थापन आणि व्यवसाय असा तिचा विषय. २०१६ मध्ये तिने पदवी घेतली. म्हणजे वयाच्या २३ व्या वर्षी तिच्या हातात एक पदवी होती आणि एक खेळ होता. दोन्हींतलं पोट कशावर भरेल, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तरी तिने खेळ सोडला नाही.

२०१७ मध्ये, २४ व्या वर्षी, ती देशाकडून पहिला सामना खेळली. पण पहिली पसंती ती नव्हती. पुढच्या वर्षी ती जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग या नामांकित क्लबात गेली. तिथेही दुसऱ्या क्रमांकाचीच गोलकीपर. २०१९ मध्ये फ्रान्सला महिलांचा विश्वचषक झाला. इंग्लंडच्या संघात मेरीचं नाव होतं, पण तीन गोलकीपरपैकी एक म्हणून. सगळी स्पर्धा संपली, तिला एकाही सामन्यात उतरवलं नाही. त्याच वर्षी ती मँचेस्टर युनायटेड या क्लबात आली. पण वर्ष सरलं आणि देशाच्या संघातून तिचं नावच गेलं. एक महिना नाही, दोन महिने नाहीत. जवळजवळ दोन वर्षं यादी यायची आणि तिच्यात मेरी नसायची.

मैत्रिणींनो, हातून एखादी चूक झाली आणि कुणी बोललं, तर निदान काय सुधारायचं ते कळतं. इथे दर खेपेला दुसऱ्यांची नावं वाचायची आणि पुन्हा सरावाला जायचं. आता फुटबॉल सोडून द्यावा, असं त्या दिवसांत आपल्या मनात आलं होतं, हे मेरीने स्वतः नंतर उघडपणे सांगितलं. मन खचलं होतं, अंधार वाटत होता, हेही सांगितलं. वय २८. आपल्या फोनवरच्या त्या लाजणाऱ्या ताईचं वय.

मग २०२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या संघाला नवी प्रशिक्षक मिळाली. सरीना विग्मन तिचं नाव, देश नेदरलँड्स. याआधी तिने आपल्या देशाच्या मुलींना युरोपचा चषक जिंकून दिला होता. ती बाहेरून आली होती. कुणाला कुणी कधी वगळलं, याचं ओझं तिच्या डोक्यावर नव्हतं. तिने खेळ बघितला, आणि पहिल्याच सामन्यात मेरीला गोलमध्ये उभं केलं.

पुढचं वर्ष २०२२. युरोपचा महिला चषक इंग्लंडमध्येच भरला. इंग्लंडचे सहा सामने झाले. सहाही सामन्यांत सरीनाने सुरुवातीचा संघ बदलला नाही आणि मेरी सगळा वेळ गोलमध्ये उभी होती. सहा सामन्यांत तिच्या जाळीत गेले फक्त दोन चेंडू. अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर, जर्मनीशी. बघायला ८७,१९२ माणसं. जादा वेळेत इंग्लंड २-१ ने जिंकलं. त्यानंतर प्रशिक्षक बाई पत्रकारांशी बोलत बसल्या होत्या, तर सगळा संघ गाणं म्हणत आत घुसला आणि मेरी टेबलावर चढून नाचली. दोन वर्षं यादीत नसलेली बाई! नाचणारच की.

पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत जगातली सर्वोत्तम महिला गोलकीपर म्हणून तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. फिफा म्हणजे जगभरच्या फुटबॉलची सर्वोच्च संस्था. तो घेताना तिने चषकांबद्दल थोडंच सांगितलं. कधी कधी सकाळी उठून एक पाऊल पुढे टाकणं हेच मोठं यश असतं, अशा अर्थाचं ती बोलली, आणि अंधारात असलेल्या सगळ्यांना तो पुरस्कार दिला. पुढच्या वर्षी तोच मान तिला पुन्हा मिळाला.

आता शर्टाची गोष्ट ऐका. आपल्या बचत गटांनी ती मुद्दाम ऐकावी.

तिकडे रीत अशी, की आवडत्या खेळाडूच्या नावाचा शर्ट लोक विकत घेतात आणि घालून मिरवतात. २०२३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्हायचा होता. इंग्लंडच्या संघाचे शर्ट नाइकी ही कंपनी बनवते. पुढे खेळणाऱ्या मुलींचे शर्ट दुकानात आले. गोलकीपरचा शर्ट रंगाने वेगळा असतो, तो विक्रीला आलाच नाही. जगातली सर्वोत्तम ठरलेली गोलकीपर, आणि एखाद्या पोरीला तिच्यासारखा शर्ट हवा असेल तर तो मिळण्याची सोय नाही. स्पर्धेच्या तोंडावर मेरी हे पत्रकारांपुढे बोलली. आपल्याला याचं दुःख होतं, हे तिने लपवलं नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं की नाही? पेरणी तिची, खुरपणी तिची, राखण तिची, आणि सातबाऱ्यावर नाव शोधायला गेलं तर नाही.

पण पुढे काय झालं बघा. इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलीने अर्ज तयार केला: आम्हाला गोलकीपरचा शर्ट हवा. त्यावर दीड लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कंपनीला शर्ट काढावा लागला. तो आला त्या दिवशी काही मिनिटांत संपला. घेणारं कुणी असेल का, अशी शंका ज्यांना होती, त्यांना उत्तर मिळालं. मेरी बोलली हे खरं, पण एकट्या मेरीच्या बोलण्यावर ते थांबलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरून गेलं असतं. मागे सह्या उभ्या राहिल्या म्हणून शर्ट आला.

आणि त्याच विश्वचषकाचा अंतिम सामना. २० ऑगस्ट २०२३, सिडनी. इंग्लंड आणि स्पेन. मैदानात ७५ हजारांहून जास्त माणसं. स्पेन एका गोलने पुढे. सामना शेवटाकडे चाललेला, आणि स्पेनला पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे काय, तर चेंडू गोलपासून ११ मीटरवर ठेवायचा, मारणारी एक, अडवणारी एक, मध्ये कुणी नाही. चेंडू सुटला की पापणी लवते न लवते तोवर जाळीत. मारायला उभी राहिली जेनी हर्मोसो, स्पेनची मुरलेली खेळाडू. मेरीने तिची चाल ओळखली, डावीकडे झेप घेतली आणि चेंडू नुसता अडवला नाही, छातीशी धरून ठेवला.

सामना तरीही स्पेननेच जिंकला, १-० ने. गोष्ट गोड करायला आम्ही हे लपवणार नाही. चांगलं काम केलं म्हणून दर वेळी चषक मिळतो असं नाही. पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा सोनेरी हातमोजा मेरीला मिळाला. वयाच्या ३० व्या वर्षी. त्याच डिसेंबरात बीबीसीचा वर्षातल्या क्रीडा व्यक्तीचा मान तिला मिळाला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, कळलं ताई. कष्ट करा, धीर सोडू नका, फळ मिळतं, एवढंच ना? नाही. थांबा. एवढंच सांगायचं असतं तर आम्ही तुमची अर्धी दुपार घेतली नसती. धीराचे धडे बायकांना आधीच पुष्कळ मिळालेत.

आपण जरा सालांची बेरीज-वजाबाकी करू. मेरी जन्मली १९९३ ला. इंग्लंडमध्ये महिलांची सुपर लीग सुरू झाली २०११ ला, म्हणजे मेरी १८ वर्षांची असताना. ती लीग पूर्णवेळ व्यावसायिक झाली, म्हणजे खेळाडूंनी दुसरं काही न करता खेळच करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा असं ठरलं, ते २०१८ च्या हंगामापासून. तेव्हा मेरी २५ वर्षांची. ज्या मँचेस्टर युनायटेडमध्ये तिचं नाव झालं, त्या जगप्रसिद्ध क्लबाने महिलांचा संघ बंद करून टाकला होता. तो पुन्हा उभा केला २०१८ मध्येच. दुसऱ्या वर्षी मेरी तिथे गेली.

म्हणजे बघा. लोक म्हणतात, मेरी उशिरा बहरली. अहो, रान तयार झालं २०१८ ला, आणि चार वर्षांत तिने पीक काढून दाखवलं. मग उशीर नक्की कुणाला झाला?

बरं, हे रान आधी नव्हतंच असंही नाही. होतं, आणि कुणीतरी ते पडीक पाडलं.

१९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं. पुरुष लढाईवर गेले आणि इंग्लंडच्या कारखान्यांत दारूगोळा बनवायला बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावात डिक, केर नावाचा कारखाना होता. तिथल्या कामगार बायांनी १९१७ मध्ये आपला संघ बांधला. तो इतका गाजला, की २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आत होती, आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेरून परत गेली. तिकिटांचा पैसा जखमी सैनिकांसाठी आणि अशाच धर्मादाय कामांसाठी जायचा.

आणि वर्षभरात काय व्हावं? ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये. आता नीट ऐका. 'बायकांनी खेळू नये' असा कायदा कुणी केला नाही. फक्त एवढंच केलं, की संघटनेतल्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना द्यायची नाहीत. झालं. मैदान नाही तर प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत तर पैसा नाही, पैसा नाही तर संघ किती दिवस टिकणार? काही बायांनी मोकळ्या रानात, बागांमध्ये खेळ चालू ठेवला. पण ही बंदी सुमारे ५० वर्षं राहिली. १९७० च्या सुमारास ती उठली.

ही रीत आपल्याला माहीत आहे. ग्रामसभेत बाईने बोलू नये असं कुणी म्हणत नाही. सभा ठेवतात सकाळी अकराला, बाई तेव्हा रानात खुरपत असते. पोरीने खेळू नये असं कुणी म्हणत नाही. आठवीनंतर तिला संध्याकाळचं पाणी, झाडलोट, धाकट्याची राखण लावतात, आणि शाळेच्या मैदानावर उरतात फक्त पोरं. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, आमच्या गावात पोरींना खेळायची आवडच नाही.

त्या ५० वर्षांत इंग्लंडमध्ये किती मेरी जन्मल्या असतील? त्यांच्याकडे धीर नव्हता का? कष्ट कमी होते का? त्यांना मैदान नव्हतं. धीराने सगळं मिळतं, असं सांगताना या बायांना विसरलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून आम्ही म्हणतो, धीर पाहिजेच, पण नुसता धीर पुरत नाही.

मेरीसारखीच आणखी एक, जर्मनीची नादिने आंगेरर. १९९६ मध्ये देशाकडून पहिला सामना खेळली आणि नंतरची जवळजवळ दहा वर्षं मुख्यतः बाकावर. पुढे सिल्के रोटेनबर्ग ही नावाजलेली गोलकीपर होती. २००७ च्या विश्वचषकाआधी सिल्के जखमी झाली आणि २८ वर्षांच्या नादिनेला जागा मिळाली. त्या सगळ्या स्पर्धेत तिच्या जाळीत एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात तिने ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी अडवली. २०१३ साली ती जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. तोवर कुठल्याच गोलकीपरला, बाई असो की पुरुष, फिफाचा तो मान मिळाला नव्हता. २००७ मध्ये ती अचानक हुशार झाली असं नाही. गुण आधीपासून होता, जागा तेव्हा मोकळी झाली.

गोलकीपरच्या बाबतीत एक खरं आहे, की वय त्यांच्या बाजूचं असतं. पुढे पळणाऱ्यांना पायांचा वेग लागतो, तो वयाने उतरतो. गोलकीपरला मारणारीचा खांदा, कंबर, पायाचं वळण वाचावं लागतं. कुठे उभं राहिलं तर समोरच्याला गोल लहान दिसेल, हे कळावं लागतं. ते पाहून पाहून येतं. जनावराच्या नुसत्या उभं राहण्यावरून ते आजारी आहे हे म्हातारी आजी ओळखते, तसं. आपण 'वय झालं' म्हणतो, तेव्हा त्या वयात काय जमा झालंय त्याचा हिशोब करतच नाही.

आता आपल्या देशातलंही सांगतो. अदिती चौहान ही भारताच्या महिला संघाची गोलकीपर. दिल्लीत वाढली. क्रीडा व्यवस्थापन शिकायला इंग्लंडला गेली, आणि योगायोग असा की त्याच लफबरो विद्यापीठात. तिथे शिकताना २०१५ मध्ये ती वेस्ट हॅमच्या महिला संघात गोलकीपर झाली. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय महिला. आणि आपल्या देशात महिला क्लबांची राष्ट्रीय लीग कधी सुरू झाली? २०१६-१७ च्या हंगामात. म्हणजे आपली पोर परदेशातल्या लीगमध्ये उभी राहिली, तेव्हा घरी तिच्यासाठी लीगच नव्हती. पुढे तिने इथे परत येऊन गोकुलम केरळा क्लबाबरोबर हीच लीग जिंकली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली.

मेरीचं शेवटी काय झालं, तेही सांगायला हवं. २०२४ मध्ये ती पॅरिसच्या क्लबात गेली. २०२५ च्या मे महिन्यात ३२ व्या वर्षी तिने देशाच्या संघातून निवृत्ती घेतली. तोवर हॅना हॅम्प्टन ही तरुण गोलकीपर पहिल्या पसंतीची झाली होती. मघाशी म्हटलं ना, जागा एकच असते. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडने युरोपचा चषक पुन्हा जिंकला. अंतिम सामना स्पेनशीच होता, बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. हॅनाने दोन पेनल्टी अडवल्या.

हॅनाचं तेव्हाचं वय? २४. ती १७ वर्षांची होती तेव्हा पूर्णवेळ लीग उभी राहात होती. मेरीने ३० व्या वर्षी जे मिळवलं, तसं काहीतरी हॅनाच्या हाती २४ व्या वर्षी आलं. हुशारीची तुलना आम्ही करत नाही. पण रान नांगरून तयार असलं तर पुढच्या पोरीची वर्षं वाचतात, एवढं तर दिसतंच.

आता ही गोष्ट आपल्या गटात कशी न्यायची? येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की अर्धा तास बसा. तीन गोष्टी बोला.

पहिली. गटातल्या प्रत्येकीने सांगायचं, की मला काय शिकायचं होतं आणि राहून गेलं. 'वय झालं' हे उत्तर त्या दिवशी चालणार नाही. त्याऐवजी सांगायचं, काय नव्हतं? पैसा नव्हता, वेळ नव्हता, जायला गाडी नव्हती, की घरून हो म्हणणारं कुणी नव्हतं? कारण वयावर कुणाचाच उपाय नाही, पण या चारांवर गटाचा उपाय असू शकतो. दोघींना मिळून गाडी शिकता येते. एकीची पोरं दुसरी दोन तास बघू शकते. अंतर्गत कर्ज बी-बियाण्याला देतो, तसं शिकण्याच्या फीलाही देता येतं. ठराव तर आपणच करतो.

दुसरी. गटाची जुनी वही काढा. कुणाचं नाव पूर्वी होतं आणि आता नाही? कोण गप्प बसायला लागली? कुणाला आपण एकदा 'हिला जमत नाही' म्हणून हिशोबाच्या कामातून बाजूला केलं आणि पुन्हा विचारलंच नाही? सरीना बाईने मेरीला नवीन काही शिकवायच्या आधी एक काम केलं: वगळलेलं नाव पुन्हा वाचलं. अध्यक्ष आणि सचिव वर्षानुवर्षं त्याच दोघी असतील, तर बाकावर कोण बसलंय तेही बघा.

तिसरी गोष्ट पोरींची. आपल्या गावच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सहा पोरी दिसतात का? दिसत नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या ज्या बाया आहेत, त्यांनी विचारायचं. कबड्डी असो, खो-खो असो, फुटबॉल असो, खेळ कुठलाही चालेल. पण आठवड्यातले ठरावीक दिवस मैदान पोरींचं, असं लेखी ठरवून घ्या. तोंडी ठरलेलं पेरणीच्या दिवसांत विसरलं जातं. आणि त्या एका तासात पोरीच्या वाटचं घरातलं काम कोण करणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर मैदान मिळेल आणि पोर हंड्यापाशी राहील.

अर्जावर किती सह्या पाहिजेत? इंग्लंडला दीड लाख लागल्या. आपल्या शाळेच्या मैदानाला गावातल्या चार गटांच्या सह्या पुरतील. सगळ्या मिळून चाळीस-पन्नास बाया झाल्या. त्या तर आपल्या वहीत आधीच आहेत.

बैठकीत काय बोलणं झालं, काय ठरलं आणि काय ठरलं नाही, ते आम्हाला कळवा. फोन करा, नाहीतर चिठ्ठी पाठवा. नाही ठरलं तरी कळवा, अडलं कुठे ते पुढच्या भागात आपण मिळून बघू. आणि आपल्या त्या २८ वर्षांच्या लाजऱ्या ताई ऐकत असतील तर त्यांना सांगणं, की तुमच्या गावात संगणकाचा वर्ग कुठे आहे, किती वाजता असतो आणि तिथे जायला एसटी आहे का, हे विचारून ठेवा. वयाचं आपण नंतर बोलू.

रामराम मैत्रिणींनो. भेटू पुढच्या आठवड्यात.